'फुल मील्स' म्हणजे नेमके काय?

आमच्या बेळगावात 'एक मील्स द्या' हे वाक्य कोणालाही खटकत नाही. इंग्रजीतले अनेकवचन कर्नाटकातल्या हॉटेलांनी एकवचनी करून घेतले आणि आपण मराठी माणसांनीही ते तसेच उचलले. माझा प्रश्न त्याच्या आधी लागणाऱ्या 'फुल' या शब्दाचा आहे.

गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातून दवाखान्याच्या कामासाठी आलेल्या मामांना मी जेवायला नेले. फलकावर 'फुल मील्स' लिहिले होते. मामांनी दुसऱ्यांदा भात मागितला आणि बिलात 'एक्स्ट्रा राइस'चे वेगळे पैसे लागले. मालकाचे म्हणणे असे की, चपाती, पल्या (भाजी), भात, सांबार, सारू, ताक आणि पापड हे सगळे पदार्थ ताटात आले, म्हणजे मील्स 'फुल' झाले. मामांच्या लेखी मात्र 'फुल' म्हणजे पोटभर. मला मामांचे पटते, कारण 'प्लेट मील्स' म्हणजे मोजके वाढलेले ताट आणि 'फुल मील्स' म्हणजे मागाल तसा पुन्हा वाढला जाणारा भात, हा भेद अनेक हॉटेलांत आजही पाळला जातो. तो पुसला गेला, तर दोन वेगळी नावे ठेवण्यात अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रात याच जागी 'राइस प्लेट' येते. तिच्या नावात फक्त भात असला, तरी ताटात बहुधा चपाती, भाजी आणि आमटीही असते. त्यामुळे कोल्हापूरहून निपाणीमार्गे इकडे येणारा माणूस आधीच एका अर्थाची सवय घेऊन आलेला असतो. 'अन्न' या शब्दाचेही तसेच आहे. कन्नडमध्ये अन्न म्हणजे शिजवलेला भात, म्हणूनच चित्रान्न (फोडणीचा भात) आणि मोसरान्न (दहीभात). मराठीत मात्र अन्न म्हणजे खाण्याचे सगळेच. तरीही पंगतीत वरणभातावर वाढल्या जाणाऱ्या तुपाला आपण 'अन्नशुद्धी' म्हणतो, तेव्हा तो भाताचा अर्थ आपल्याकडेही जिवंत असतो. कोशिंबीर आणि कोसंबरी, सार आणि सारू यांचे नाते तर या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

शब्द इतके सरमिसळ झालेले असताना ग्राहकाने अर्थ ओळखून घ्यावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते, विशेषतः खेड्यातून मोजके पैसे घेऊन आलेल्या माणसाकडून. 'फुल मील्स'च्या खाली 'भात एकदाच' किंवा 'भात हवा तेवढा' एवढेच कन्नड आणि मराठीत लिहावे, अशी माझी हॉटेलमालकांना मनापासून विनंती आहे.