सातबाऱ्यावरच्या सोळा लेन

दोन ग्राफिक्स कार्डांसाठी मदरबोर्ड शोधायला बसलं की मला कायम जमिनीचा व्यवहार करायला निघाल्यासारखं वाटतं. खोक्यावर तीन लांबलचक स्लॉट, वरच्याला तर पोलादी कोंदण, आणि वर्णन काय तर ‘एक्स१६’. बिल्डरच्या ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ इतकाच या शब्दावर विश्वास ठेवावा. स्लॉटाची लांबी सोळा लेनची, म्हणजे डेटाच्या सोळा वाटांची आहे, एवढाच त्याचा अर्थ. आत तारा किती आल्या आहेत ते वेगळं. दुकानात मोबाईलचा टॉर्च मारून स्लॉटात डोकवा: पुष्कळदा सोनेरी पिना सुरुवातीलाच संपतात आणि पुढे नुसतं प्लास्टिक. दुकानदार विचित्र बघेल, बघू द्या.

मुळात जमीनच कमी. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या रायझेन ७००० किंवा ९००० प्रोसेसरकडे एकूण २८ लेन. त्यातल्या ४ चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपकडे जाणाऱ्या पाणंदीत गेल्या. उरल्या २४: सोळा ग्राफिक्सला, चार-चार थेट बोर्डावर बसणाऱ्या दोन एम.२ एसएसडींना. आता दुसरं कार्ड आलं. खानदानी बोर्ड असेल तर सोळाची आठ-आठ अशी रीतसर वाटणी करतो. एक्स६७०ई आणि एक्स८७०ई चिपसेटच्या काही बोर्डांत ही सोय असते. स्वस्त बोर्ड दुसऱ्या कार्डाला चार लेन देऊन चिपसेटच्या पाणंदीला लावतो. तिथे आधीच साटाच्या डिस्क, यूएसबी आणि लॅनची वाहतूक. उसाचे दोन ट्रॅक्टर समोरासमोर आल्यावर होतं तसं होतं.

आठ-आठ मिळाल्या तर हळहळू नका. पीसीआयई ४.० च्या, म्हणजे या लेनच्या चौथ्या पिढीच्या, आठ लेनमधून सेकंदाला जवळपास १६ जीबी जातात, आणि थ्रीडी सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की रेंडरिंगला, म्हणजे त्याचं चित्र काढायला, फारसा फरक पडत नाही. फारच हौस असेल तर एएमडीचाच वर्कस्टेशनचा प्रोसेसर थ्रेडरिपर प्रो ७००० आहे, १२८ लेनचा. तो गावचा इनामदार; त्याच्या बोर्डाची किंमत बघून परत या, मी इथेच आहे.

खरा सातबारा म्हणजे मॅन्युअलची पीडीएफ. तिच्यात ‘इतर हक्क’ रकान्यासारखी बारीक अक्षरातली टीप सापडते: तिसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी बसवल्यास खालचा स्लॉट बंद. ही टीप लोक कधी वाचतात? खालचा स्लॉट बंद पडल्यावर.

लेन मिळाल्या तरी जागेचं भांडण उरतंच. स्लॉटांच्या ओळींमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर. आरटीएक्स ३०९० सारखं जाडजूड कार्ड तीन ओळी खातं. दोन मुख्य स्लॉटांत तीनच ओळींचं अंतर असेल तर वरच्या कार्डाचे पंखे खालच्याच्या तापलेल्या पाठीला चिकटतात, दादरच्या लोकलमध्ये चिकटतात तसे. चार ओळी हव्यात. तेवढं अंतर मिळालं की खालचं कार्ड बोर्डाच्या तळाच्या कडेवर येतं आणि तिथल्या पॉवर बटणाच्या आणि यूएसबीच्या पिनांवर ठिय्या देतं. म्हणून आठ ओळींची कॅबिनेट घ्या आणि वायरी कार्डाआधी लावा.

हे जमलं की विंडोज दुसऱ्या कार्डावर पिवळं चिन्ह टाकून ‘कोड १२’ दाखवतं, म्हणजे कार्डाला पुरेशी संसाधनं मिळाली नाहीत. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ हा पर्याय सुरू आहे का बघा, कधी कधी नसतो. आणि दोन्ही कार्डांची मेमरी २४ अधिक २४ बरोबर ४८ जीबी असं घरी सांगून बसला असाल तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ते एनव्हीलिंकशिवाय, म्हणजे दोन कार्डं जोडणाऱ्या पुलाशिवाय, खोटं ठरतं. सीन प्रत्येक कार्डात पूर्ण मावावा लागतो.

वीज? दोन ३०९० म्हणजे ७०० वॉट, वर प्रोसेसर, वर क्षणिक उसळ्या. निदान १२०० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, घ्या आणि कार्डाच्या प्रत्येक आठ-पिनी कनेक्टरला स्वतंत्र केबल द्या. हे सगळं टीव्ही-मोडेमच्या एक्स्टेंशन बोर्डावर टाकू नका. १६ अँपिअरचा सॉकेट शोधा. घरात असे तीनच: एक गिझरचा, एक ओव्हनचा. आणि तिसरा एसीचा, जो मे महिन्यात या मशीनमुळेच लावावा लागतो.