अल्फा कण बेदाणा शेडपर्यंत पोचत नाहीत

तासगाव भागात आठ दिवसांपासून एक मेसेज फिरतोय: ‘सूर्यातून अल्फा किरण सुटले आहेत. दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका, या किरणोत्सर्गाने कॅन्सर होतो. याच किरणांनी मंगळाची हवा खाल्ली, आता पृथ्वीची पाळी. इस्रोच्या आदित्यनेही ते पकडलेत.’ आमच्या गल्लीतल्या दोघी या भीतीने बेदाणा निवडायला गेल्या नाहीत. दोन दिवसांची हजेरी बुडाली. म्हणून हे लिहायला बसलो.

अल्फा कण सूर्यावरून येतात हे खरं, पण ते आज सुटलेले नाहीत. सूर्यातून कायम वाहणाऱ्या सौरवाऱ्यात बहुतेक प्रोटॉन असतात आणि शेकडा चारेक अल्फा कण, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेले हेलियमचे अणू. पृथ्वीजवळ हा वारा फार विरळ असतो. द्राक्षाच्या लहान मण्याएवढ्या जागेत पाच-दहा प्रोटॉन असतील, अल्फा कण एखादा असला तर असला.

‘किरणोत्सर्ग’ या शब्दाने सगळा घोटाळा केलाय. पोलोनियम-210 या किरणोत्सर्गी धातूतून सुटणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा 53 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं माप). सेकंदाला 400 किलोमीटर वेगाने येणाऱ्या सौरवाऱ्यातल्या अल्फा कणाची जेमतेम 3,300. नाव एकच, पण जोर सोळाशे पटींनी कमी. पोलोनियम पोटात गेलं तर घातक, पण त्याचाही अल्फा कण हवेत चार सेंटीमीटरच्या आत थांबतो. मग सौरवाऱ्यातला कण कुठवर येणार? आधी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बहुतेकांना बाजूला वळवतं. जे थोडे ध्रुवांकडून आत शिरतात ते जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या वरच विरळ हवेत अडकतात, वाटेत भेटलेल्या अणूंकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि साधा हेलियम होऊन राहतात. 1969 साली अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा 77 मिनिटं उभा ठेवला होता. तिथे हवा नाही, तरी सौरवाऱ्यातला हेलियम त्या पत्र्यातच रुतून बसला आणि पृथ्वीवर आणून मोजता आला.

मंगळाचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्याचं चुंबकीय क्षेत्र सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी विझलं आणि सौरवारा थेट त्याच्या हवेला भिडू लागला. 2014 साली मंगळाभोवती पोचलेल्या नासाच्या मावेन यानाने मोजलेली गळती सेकंदाला साधारण 100 ग्रॅम आहे. ही झीज एका दुपारची नव्हे, अब्जावधी वर्षांची. त्यातही सूर्याच्या अतिनील प्रकाशाचा वाटा मोठा. उलट मंगळाच्या हवेतला काही हेलियम तर याच अल्फा कणांनी आणून टाकलेला आहे! आणि चुंबकीय क्षेत्र नसलं की हवा जातेच असंही नाही: शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी तिथल्या हवेचा दाब आपल्या नव्वद पट आहे.

सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं आदित्य एल-1 यान 6 जानेवारी 2024 ला आपल्या जागी पोचलं, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर. त्यावरचं अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं उपकरण प्रोटॉन आणि अल्फा कण वेगवेगळे मोजतं. सौरवादळाबरोबर अल्फा कणांचं प्रमाण अनेकदा वाढतं, त्यामुळे उपग्रहांना धोका कधी आहे हे ओळखायला मदत होते. हे कण तासगावात पोचत असते तर मोजायला इतक्या लांब जावं लागलं नसतं.

दुपारी उन्हात थांबू नका, एवढं मात्र बरोबर आहे. मार्च-एप्रिलचं आपलं ऊन माणसाला खरोखर पाडतं. शेडमालकांनी या तासांत सावलीची, पाण्याची सोय करावी, दुपारची सुट्टी वाढवावी आणि त्यासाठी हजेरी कापू नये.