कुत्रा पाळलाय, हत्ती नाही

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. 'घरात कुत्रा आहे? गाडी घेताना एवढं पाहाच!' एसयूव्हीशिवाय दुसरं काही घेऊ नका, सनरूफ हवंच, सीट लेदरच्या हव्यात, मोठा कुत्रा डिकीत आणि लहान कुत्रा पुढे मांडीवर, आणि दुकानात जायचं असेल तर काच दोन बोटं उघडी ठेवली की झालं. आमच्या ग्रुपवर तो चौथ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. काकांकडे सिंबा आहे, सात वर्षांचा लॅब्रॅडोर, आणि शनिवारी त्यांचा मुलगा गाडी बघायला निघतोय. काका, राग मानू नका, पण त्याआधी हे वाचा.

आधी एसयूव्ही. उंच गाडी चांगली, पण कोणासाठी? लॅब्रॅडोर जातीत कमरेच्या सांध्याचं दुखणं बरंच आढळतं. माझ्या माहेरचा लॅब नऊ वर्षांचा झाला तेव्हा दाराशी उभा राहायचा, पुढचे पाय सीटवर टेकवायचा आणि मागे वळून बाबांकडे बघायचा. मग बाबांनी त्याला उचलायचं. चौतीस किलो, म्हणजे तांदळाचं मोठं पोतं. फरक इतकाच की पोतं वळवळत नाही. कुत्रा आता सहज उडी मारतो म्हणून गाडी घ्याल, पण गाडी दहा वर्षं चालवाल आणि कुत्रा म्हातारा होईल. म्हणून डिकीचा उंबरा आणि मागच्या दाराची पायरी जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. त्यातून आपल्या स्टॅक पार्किंगमध्ये खालच्या खणात उंच गाड्या बसत नाहीत, हे ग्रुपवर दर महिन्याला भांडून झालेलं आहे.

मोठी गाडी म्हणजे मोठी जागा, हेही पुरतं खरं नाही. डिकीचे लिटर सामानासाठी मोजतात. कुत्र्याला लागते आडवं पडायला सपाट जमीन आणि मान वर करायला उंची. सेडानची डिकी कितीही मोठी असली तरी बंद पेटी आहे, तिथे हवाच जात नाही. मेसेजवाल्याने 'डिकीत बसवा' लिहिताना हा फरकही केलेला नाही, आणि ठाण्यात सेडान काही कमी नाहीत. हॅचबॅकची डिकी वरचा ट्रे काढला की केबिनलाच जोडलेली असते. पण ती सीएनजीची घेतलीत तर बहुतेक गाड्यांत टाकीच डिकी खाऊन टाकते. टाटाने २०२३ मध्ये आल्ट्रोझपासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, तसली रचना असेल तर बरीच जागा उरते. रेनॉ ट्रायबर चार मीटरच्या आतली गाडी आहे, पण तिची तिसरी रांग उचलून घरी ठेवता येते. मग मागे ६२५ लिटरची जागा मिळते. ह्युंदाईची एसयूव्ही क्रेटा तिच्याहून फूटभर लांब, डिकी ४३३ लिटरची. मी कोणाची एजंट नाही. आमच्याकडे जुनी वॅगन आर आहे आणि एकोणीस किलोची देशी चिंगी मागच्या सीटवर पसरून झोपते.

आता काच. हा मुद्दा वाचून मात्र मला घाम फुटला. बाहेर बावीस-चोवीस अंशच असले तरी उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा चाळिसाच्या आसपास जातो, आणि काच थोडी खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. हे मोजून पाहिलेलं आहे. ठाण्यात चोवीस अंश कधी असतात, जानेवारीतल्या पहाटे? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं पाणी उडतं आणि अंग निवतं. आपल्या दमट हवेत ते पाणीच नीट उडत नाही. अंगाचं तापमान मुळात अडतीस-एकोणचाळीस, एक्केचाळीसच्या पुढे जीवावर बेततं. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापही धड टाकता येत नाही.

'मग एसी चालू ठेवून जाऊ' असं खाली तिघांनी लिहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी चालकाच्या जागेवर लायसन्सवाला माणूस नसेल तर इंजिन बंद हवं. कायदा सोडा, इंजिन मध्येच बंद पडलं तर तुम्हाला कळणार कसं? तुम्ही बिलाच्या रांगेत असणार. एकाने दुकानात जावं, एकाने गाडीत बसावं; एकटे असाल तर कुत्रा घरी. गाडी निवडताना पाहायचं ते मागचे एसी व्हेंट. मे महिन्यात माजिवड्याच्या सिग्नलला पुढच्यांना गार लागतं आणि मागे चिंगीची जीभ लोंबत असते. आमच्या वॅगन आरला मागे व्हेंट नाहीत, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगते.

मांडीवर बसवणं हा शुद्ध वेडेपणा. समोरची एअरबॅग पापणी लवायच्या आत फुटते, आणि ती फुटते तेव्हा तुमच्या आणि तिच्या मध्ये कुत्रा असतो. मागे मोकळा सोडलात तरी ताशी पन्नासच्या वेगात धडक म्हणजे त्याच्यासाठी तिसऱ्या मजल्यावरून पडणं. वाटेत तुमची मान आली तर तीही गेली. छातीला बांधायचा हार्नेस घ्या आणि तो सीटबेल्टच्या खाचेत अडकवा. गळ्यातला पट्टा अडकवू नका, झटका मानेला बसतो.

सनरूफबद्दल काय बोलायचं? मेट्रोच्या खांबांखालची धूळ कुत्र्याच्या डोळ्यांत घालायला लाख रुपये जास्त मोजायचे असतील तर मोजा. त्यापेक्षा ड्रायव्हरच्या दारावर काचा लॉक करायचं बटण आहे ना बघा. चिंगीने दोनदा पंजाने काच खाली केली आहे, एकदा भर पावसात.

लेदर म्हणजे आपल्या गाड्यांत बहुधा रेक्झिनचा चुलतभाऊ. उन्हात तापतो, वळणावर कुत्रा घसरतो, नखांनी भोकं पडतात. कापडी सीटवर केस रुततात हे खरं, पण ओला रबरी हातमोजा फिरवला की गोळा होतात. वर जुनी गोधडी टाकायची आणि रविवारी धुवायची.

शनिवारी सिंबाला बरोबर न्या, काका. शोरूमवाले आधी तोंड वाकडं करतील; गोधडी दाखवा, मग ऐकतात. टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर उरकू नका, गायमुखच्या वळणांपर्यंत जा, आणि मुलगा चालवत असताना तुम्ही मागे सिंबाशेजारी बसा.