सोर्स तोच, म्हणून टेस्टही तीच?

नागपूरच्या इंजिनिअरिंगवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, आणि आता तो भाच्याच्या प्रोजेक्टच्या स्क्रिप्टमध्येही जाऊन बसलाय. कंपायलरच्या (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) टेस्ट दहापट वेगात चालवायचे चार नुस्खे: सीसीकॅश हे जुना निकाल जपून ठेवणारं टूल लावून त्यातली ‘कंपायलर चेक’ सेटिंग ‘नन’ (काहीच नको) करा, फक्त ओ२ ही ऑप्टिमायझेशनची (कोड वेगवान करायची) पातळी तपासा, बदललेल्या फोल्डरच्याच टेस्ट चालवा, आधी पास झालेला प्रोग्राम परत चालवू नका.

पहिला नुस्खा वाचून डोकंच फिरतं. सीसीकॅश सोर्स, फ्लॅग आणि कंपायलर यांचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काढतो आणि तो जुळला की जुनी ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे आधी कंपाइल झालेला कोड, परत देतो. नन केलं की कंपायलर हिशेबातूनच बाद. अहो, तपासायचाय तो कंपायलरच ना! नव्या ठेल्याची तर्री पारखायला निघायचं आणि जुन्याच ठेल्यावर पोहे खाऊन ‘झकास’ म्हणत परत यायचं, असला हा प्रकार. काय करतोय ते पक्कं माहीत असेल तरच नन वापरा, अशी ताकीद सीसीकॅशच्या मॅन्युअलमध्येच आहे.

बरं, नन काढलं तरी सुटका नाही. डिफॉल्टला तो कंपायलरच्या फाइलची वेळ आणि साइज बघतो. जीसीसी या कंपायलरात ती फाइल म्हणजे नुसता ड्रायव्हर, कामं वाटून देणारा; खरं काम सीसी१ हा वेगळा प्रोग्राम करतो. एखादा ऑप्टिमायझेशन पास (कोड सुधारणारा टप्पा) बदलून मेकने कंपायलर परत बांधला की सीसी१ नवा होतो, ड्रायव्हर तसाच राहतो. कॅशला पत्ता नाही, टेस्ट हिरवीगार. क्लँग हा दुसरा कंपायलर; त्याचा गाभा असलेलं एलएलव्हीएम शेअर्ड लायब्ररी (वेगळी फाइल) म्हणून बांधलं असेल तर त्याचीही तीच गत होऊ शकते. सीसी१चं नाव ‘एक्स्ट्रा फाइल्स टू हॅश’मध्ये घालता येतं, पण मग दर बदलाला कॅश निरुपयोगी. शिवाय जीसीसीच्या चालवून बघायच्या टेस्ट एकाच कमांडमध्ये कंपाइल आणि लिंक होतात, आणि लिंकिंग, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली जोडून चालणारा प्रोग्राम (एक्झिक्युटेबल) बनवणं, सीसीकॅश कॅश करतच नाही. दहापट आलं कुठून?

दुसरा नुस्खा, फक्त ओ२. पण ओ०, म्हणजे ऑप्टिमायझेशन जवळपास बंद, हा ओ२चा धाकटा भाऊ नव्हे. एक्स८६वर एलएलव्हीएम ओ०ला फास्ट-आयसेल (मशीनच्या सूचना झटपट निवडणारा भाग) आणि वेगळा रजिस्टर अलोकेटर (प्रोसेसरच्या रजिस्टरांत किमती वाटणारा भाग) वापरतो. फोल्डरचं तर बोलूच नका: इन्स्टकंबाइन या पासमधल्या बदलाने लूप व्हेक्टरायझर या दुसऱ्याच पासच्या टेस्ट पडतात.

चौथ्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. नव्या कंपायलरने बनवलेली एक्झिक्युटेबल जुनीशी बाइट-न्-बाइट जुळली, तर ती परत चालवून नवं काही कळत नाही. एलएलव्हीएमच्या टेस्ट-सूटमधली तुलनेची स्क्रिप्टसुद्धा सारख्या हॅशचे प्रोग्राम गाळू शकते. पण कंपाइल दर वेळी करायचंच. वाचतं ते फक्त चालवणं. मेसेजात नुसतं ‘आधी पास झालेला’, हॅशचा उल्लेखही नाही. आणि लिबस्टडीसी++ (जीसीसीची सी++ची स्टँडर्ड लायब्ररी) डायनॅमिक, म्हणजे चालताना जोडली जाणारी असेल तर तिचाही हॅश धरा. नाहीतर एक्झिक्युटेबल तीच, पण चुकीचा कोड लायब्ररीत, आणि तुम्ही ती टेस्ट वगळून मोकळे.

सीसीकॅश लावायचाच तर कंपायलर बांधताना लावा. तिथे बांधणारा होस्ट कंपायलर (मशीनवर आधीच असलेला) बदलत नाही. एलएलव्हीएमच्या सीमेकमध्ये (बिल्डच्या सेटिंगांत) त्यासाठी वेगळा पर्यायच आहे. टेस्टच्या शेलमध्ये मात्र ‘सीसीकॅश_डिसेबल’ हा व्हेरिएबल १ ठेवा.