‘पण दिसतंय ना नीट?’ हे उत्तर मला चालत नाही

इंदूरात वेबसाइट करून देणाऱ्या कुणाशीही एचटीएमएल व्हॅलिडेटरचा, म्हणजे वेबपानाच्या एचटीएमएल कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाचा, विषय काढा, तो हसतो. ‘अरे भिया, पेज नीट दिसतंय ना? मग झालं!’ करून घेणारी आपली मराठी मंडळीही तेच म्हणतात.

दिसतं, खरंय. कारण चुका पोटात घालणं हे ब्राउझरचं कामच आहे. २००० साली एचटीएमएलचाच एक अवतार, एक्सएचटीएमएल आलं, त्याचा बाणा कडक होता: एक टॅग (पानाचा एखादा भाग कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे सांगणारी खूण) चुकला की पान उघडायचंच नाही. लोकांना ते झेपलं नाही. एचटीएमएल५ ने उलटी वाट धरली. कोड कितीही विस्कटलेला असो, त्यातून पान कसं उभं करायचं याचे नियमच लिहून टाकले. म्हणजे तुमचं पान नीट दिसतं यात श्रेय ब्राउझरचं आहे, तुमचं नाही.

आता एक नेहमीचं उदाहरण. गणेशोत्सवातल्या स्पर्धांचा ऑनलाइन फॉर्म. ‘पाल्य पहिला’चा भाग कॉपी करून खाली ‘पाल्य दुसरा’ चिकटवलेला, पण रकान्यांचे आयडी, म्हणजे कोडमधली त्यांची ओळखनावं, बदललेले नाहीत. व्हॅलिडेटर ओरडतो की आयडी दोनदा आलाय. कोण ऐकतो? मग धाकट्याच्या ‘नाव’ या शब्दावर बोट ठेवलं की कर्सर उडी मारून थोरल्याच्या रकान्यात जातो, कारण त्या आयडीचा पहिला रकाना तोच. डोळस माणूस चरफडतो आणि भरतो. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकून फॉर्म भरणाऱ्या आईला मात्र दुसऱ्या मुलाचे रकाने निनावीच ऐकू येतात. काय भरायचं तिने?

किंवा परिच्छेदाच्या पी टॅगमध्ये डिव्ह (पानाचा कप्पा करणारा टॅग) घालणं. डिव्ह दिसताच ब्राउझर परिच्छेद तिथेच बंद करतो आणि नंतर आलेल्या एकट्या बंद-टॅगसाठी एक रिकामा परिच्छेद तयार करतो. पानावर मोकळी जागा पडते. मग ती घालवायला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) उणे मार्जिन, ते मोबाइलवर बिघडतं म्हणून आणखी एक तोडगा. टॅग दुरुस्त करायला मिनिटही लागलं नसतं.

अर्थात, व्हॅलिडेटरची प्रत्येक ओळ म्हणजे आकाश कोसळलं असंही नाही. इमेज टॅगच्या शेवटची तिरकी रेघ किंवा स्क्रिप्टला दिलेला जादा टाइप याने कुणाचं काही बिघडत नाही. ‘शून्य एरर’चा स्क्रीनशॉट मिरवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. आणि शंभर एरर पाहून घाबरूही नका, न मिटलेला एकच डिव्ह पुढच्या चुकांची रांग लावतो. सगळ्यात वरची दुरुस्त करायची आणि पुन्हा तपासायचं.

हुशार मंडळी यावर सांगतात की २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मधून, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या निकषांमधून, पार्सिंगची (कोडची रचना बिनचूक असण्याची) अटच काढून टाकली. काढली, बरोबर. पण का? ज्या चुकांनी अपंग वापरकर्त्याची खरोखर अडचण होते, त्या इतर निकषांमध्ये धरल्या जातातच म्हणून. निनावी रकाना आजही नापासच आहे.

उलट काही गोष्टी व्हॅलिडेटर सहज सोडून देतो. चित्राचा अल्ट मजकूर (चित्र न दिसणाऱ्यासाठी कोडमध्ये दिलेलं वर्णन) आहे की नाही एवढंच तो बघतो, त्यात ‘इमेज१’ लिहिलं तरी खूश. आपल्याकडे अख्खी कार्यक्रमपत्रिका व्हॉट्सॲपच्या जेपीजीत असते. वक्ता, वार, वेळ, सभागृह सगळं चित्रात, आणि अल्टमध्ये ‘बॅनर’!

भाषेचंही तेच. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये ती सांगायची असते: मराठीसाठी एमआर, हिंदीसाठी एचआय. आयत्या थीममध्ये ईएन असतं, नाहीतर इथला डेव्हलपर सवयीने एचआय टाकतो. दोन्ही कोड वैध, म्हणून लाल एरर येत नाही, फार तर इशारा. पण स्क्रीन रीडर कुठल्या भाषेच्या आवाजात वाचायचं ते यावरून ठरवतो. ज्या फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली आहेत, तिथे ब्राउझरही हा कोड पाहूनच वळण निवडतो. दुकानाच्या पाटीवर हिंदी वळणाचा ल दिसला की हळहळणारे आमचे काका लोक स्वतःच्या मंडळाच्या साइटवर तोच ल वर्षानुवर्षं बघतात, आणि दोष फाँटला देतात.

तेव्हा पुढची साइट करून घेताना शेवटचा हप्ता देण्याआधी डेव्हलपरला समोर बसवा. व्हॅलिडेटर चालवून दाखव म्हणा. पहिल्या टॅगमध्ये एमआर आहे का ते बघा. फॉर्ममधल्या प्रत्येक नावावर स्वतः बोट ठेवा, कर्सर त्याच रकान्यात जातो का पाहा. पत्रिकेची तारीख आणि जागा चित्राखाली मजकुरात टाकून घ्या. अर्धा तास लागेल. तो कुरकुरेल, पण चहा पाजला की करतो.