मजला आहे तो, पंक्चर झालेला ट्रक नाही!

आमचा खचलेला मजला उचलायला कंत्राटदाराचा माणूस बाटली जॅक, म्हणजे ट्रक उचलायचा तो तेलावरचा जॅक, घेऊन आला, खालच्या काकूंच्या खोलीत शहाबादी फरशीवर ठेवला, थेट तुळईला टेकवला आणि लागला दांडा मारायला. खाली फळी नाही, वर लोखंडी प्लेट नाही. फरशी तडकली, जॅकचं डोकं लाकडात रुतलं आणि वर आमच्या दाराची चौकट अशी आवळली की आई आतच अडकली. वर ऐकवतो काय, "होतं असं, जुनं काम आहे!"

अरे, जुनं आहे म्हणूनच बोंबलतोय ना! १९४० पूर्वीची उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी, चाळ आहे. इतकी वर्षं हळूहळू वाकलेलं सागवान तासाभरात सरळ होणार आहे का? दोन-तीन मिलिमीटर उचलायचं, थांबायचं, भिंतीच्या भेगा बघायच्या, मग पुढचं. टेकूखाली टेकू पार तळमजल्याच्या जमिनीपर्यंत हवा, नाहीतर आमचा भार काकूंच्या मजल्यावर. आणि जॅकवर मजला सोडून चहाला जायचं नसतं रे बाबांनो! तेल गळलं की जॅक बसतो. उचललं तेवढ्याला लगेच स्क्रूचा प्रॉप, म्हणजे फिरवून उंच करायचा लोखंडी टेकू, आवळायचा. हे मला, एका कारकुनाला, कळतं.

बरं, मजला खचला कशाने? मोरीने! तुळईचं टोक भिंतीत जातं नेमकं तिथेच वर्षानुवर्षं पाणी मुरतंय. नखाने खरवडलं तरी ओला भुसा हातात येतो. ते कुजलेलं कापायचं, दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल लावून बोल्टांनी आवळायचे, ही खरी दुरुस्ती. एस्टिमेटमध्ये चॅनलचा दर लावलाय हं, अगदी ठळक! प्रत्यक्षात काय, तर एक खांब, थोडी पुट्टी आणि पिस्ता रंग. मोरी गळतेय ती गळतेच आहे.

मालकाला फोन केला की तो भाड्याचा आकडा ऐकवतो. शेजारचे म्हणतात, "चालवून घ्या, रिडेव्हलपमेंट होणारच आहे." हे मी शाळेत होतो तेव्हापासून होणारच आहे!

आता म्हणे उद्या येऊन "फायनल लेव्हल" करणार. नकोय लेव्हल! खोलीत गोटी घरंगळली तरी चालेल आम्हाला. आधी मोरी फोडा, कपाटं आणि पाण्याचं पिंप बाहेर काढू द्या, स्ट्रक्चरल इंजिनीअरला समोर उभा करा. तोवर तो जॅक जिना चढणार नाही.