जहाज एकच, तिकीट मात्र एकच नसतं

क्रूझची हौस असलेल्या मंडळींत सध्या एक संदेश फार फिरतोय. थोडक्यात तो असा: "जहाज तेच, केबिन तीच, तारीख तीच. आपल्या देशातला एजंट दुप्पट पैसे उकळतो आणि कमिशन खिशात घालतो. अमेरिकेतल्या एजंटकडून बुकिंग करा, निम्म्यात काम होतं. डिपॉझिट हवं तेव्हा परत मिळतं. तुम्ही कुठे राहता याच्याशी कंपनीला घेणंदेणं नसतं. एजंट परवानाधारक असतो, त्यामुळे पैसे सुरक्षित."

लिहिणाऱ्याला बहुधा एखाद्या सफरीत खरंच फायदा झाला असेल आणि तो इतरांनाही व्हावा असं वाटलं असेल. पण यातली डिपॉझिटची गोष्ट अर्धी खरी आहे आणि बाकीचं वाचून लोक मोठी रक्कम परक्या देशात पाठवतायत. म्हणून एकेक दावा घेऊन बोलते.

"निम्म्यात काम होतं."

कुठल्या दोन आकड्यांची तुलना केली, हे आधी विचारा. अमेरिकेत क्रूझच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं नुसतं भाडं दाखवायची पद्धत होती. कर आणि बंदरशुल्क पैसे भरायच्या पानावर दिसायचं. 1 जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियात सक्तीचे सगळे आकार धरूनच किंमत दाखवण्याचा कायदा लागू झाला आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी मग सगळ्या अमेरिकेसाठीच कर आणि शुल्क धरलेले आकडे दाखवायला सुरुवात केली. त्याआधीचा एखादा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कुणी पाठवला, तर तो आजच्या तुलनेत कामाचा नाही. ऑस्ट्रेलियात टाळता न येणारे आकार मिळवून एकच किंमत ठळकपणे सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियातला जुना आकडा अमेरिकेतल्या जुन्या आकड्याशेजारी ठेवला, की ऑस्ट्रेलियातला एजंट चोर वाटणारच.

पुढचा घटक टिपांचा. अमेरिकी बाजारासाठी चालणाऱ्या मोठ्या जहाजांवर माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर टिप बिलात आपोआप लागते आणि ती अजूनही जाहिरातीतल्या आकड्यात नसते. याउलट ब्रिटनमधल्या पी अँड ओ क्रूझेसनं 2019 मध्ये हा वेगळा आकार काढूनच टाकला. आता हिशेब करून बघा. समजा सात रात्रींची सफर, दोघं जण, माणशी 800 डॉलर भाडं. म्हणजे 1600. कर आणि बंदरशुल्क दोघांचं 300 धरू. टिप रोज माणशी 18 प्रमाणे 252. झाले 2152. परकीय चलनातल्या व्यवहारावर कार्डाची बँक 3 टक्के लावत असेल, तर आकडा 2216 च्या पुढे जातो. म्हणजे पहिल्या ओळीत दिसलेल्या रकमेपेक्षा 38 टक्क्यांहून जास्त. यात पेयांचं पॅकेज नाही, वायफाय नाही, विमा नाही. तुमच्या देशातल्या भावात यातल्या किती गोष्टी आधीच धरल्यात, ते ओळ न् ओळ वाचल्याशिवाय "दुप्पट" हा शब्द वापरू नये.

केबिनही "तीच" असते असं नाही. सगळ्यात स्वस्त भाव बहुतेक वेळा गॅरंटी केबिनचा असतो. त्यात प्रकार ठरलेला असतो, म्हणजे बाल्कनी तर बाल्कनी, पण कुठल्या डेकवरची आणि कुठल्या टोकाची, हे कंपनी ठरवते. माझ्या मावसबहिणीनं अशीच तुलना करून परदेशी एजंटकडे पैसे भरले आणि तिला नाचघराच्या बरोबर वरची केबिन मिळाली. सातही रात्री ती दीडच्या आत झोपली नाही. तिच्या देशातल्या एजंटचा महाग वाटलेला भाव निवडलेल्या नंबराच्या, जहाजाच्या मधोमध असलेल्या केबिनचा होता. तिनं दोन वेगळ्या वस्तूंची तुलना केली होती आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तरीही फरक कधी कधी खरा निघतो, हे मान्य करायला हवं. कंपन्या वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वेळी सवलती काढतात आणि चलनाचा दर हलला तरी छापलेले भाव लगेच हलत नाहीत. पण तोच दर डिपॉझिट आणि शेवटचा हप्ता यांच्या मधल्या महिन्यांत उलटाही फिरू शकतो.

"आपला एजंट कमिशन खिशात घालतो."

घालतो, आणि अमेरिकेतलाही घालतो. कमिशन क्रूझ कंपनी देते, साधारणपणे भाड्याच्या 10 ते 16 टक्के. कर, बंदरशुल्क आणि भाड्याचाच एक ठरावीक भाग त्यातून वगळलेला असतो. थेट कंपनीकडे गेलात तरी कमिशनची रक्कम तुमच्या भाड्यातून वजा होत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या एजन्सी प्रचंड संख्येनं बुकिंग करतात, काही सफरींवर गटासाठी केबिनी आधीच अडवून ठेवतात आणि त्यामुळे आपल्या कमिशनचा काही भाग गिऱ्हाइकाला परत देऊ शकतात. हा फायदा खरा आहे. पण तो बहुधा ऑनबोर्ड क्रेडिटच्या, म्हणजे बोटीवर खर्च करायला खात्यात जमा होणाऱ्या रकमेच्या रूपात येतो, कारण जाहीर झालेलं भाडं एजंटानं कमी करून विकलेलं मोठ्या कंपन्यांना चालत नाही. रॉयल कॅरिबियननं तर 2004 मध्येच तसा नियम केला. हे क्रेडिट बोटीवरच संपवावं लागतं आणि उरलं तर बहुतेक वेळा बुडतं. जे तुम्ही एरवी विकत घेतलंच नसतं, त्यावर खर्च झालेलं क्रेडिट बचतीत धरू नका.

"डिपॉझिट हवं तेव्हा परत मिळतं."

संदेशातला सगळ्यात दमदार मुद्दा हाच. अमेरिकेत नेहमीच्या भाड्यावर भरलेलं डिपॉझिट शेवटच्या हप्त्याच्या तारखेपर्यंत परत मागता येतं आणि मधल्या काळात भाव उतरला तर नव्या भावानं बुकिंग करून घेता येतं. ब्रिटनमध्ये डिपॉझिट भरलं की ते सहसा गेलंच समजायचं. ज्याचे बेत पक्के नसतात, त्याला ही मोकळीक भाड्यातल्या फरकापेक्षाही मोलाची वाटेल. फक्त "हवं तेव्हा" हे खोटं आहे. जाहिरातीतलं सगळ्यात कमी भाडं पुष्कळदा परत न मिळणाऱ्या डिपॉझिटचं असतं. परत मिळणारं घ्यायचं तर भाडं चढतं. शिवाय कंपनीनं डिपॉझिट परत दिलं, तरी रद्द करण्याचा आकार एजंट स्वतःचा वेगळा लावू शकतो. तो त्याच्या अटींत लिहिलेला असतो, कंपनीच्या अटींत शोधून सापडणार नाही.

"तुम्ही कुठे राहता याच्याशी कंपनीला घेणंदेणं नसतं."

असतं. अनेक कंपन्यांनी एजंटांना कुठल्या देशातल्या रहिवाशांना विकायचं याच्या मर्यादा घालून दिल्यात. म्हणून प्रामाणिक एजंट पहिल्यांदा तुमचा पत्ता विचारतो आणि कधी कधी सरळ नाही म्हणतो. त्यावर "तिकडच्या नातेवाइकाचा पत्ता द्या" अशी युक्ती कुणी सांगितली तर ती ऐकू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. पासपोर्ट, कार्डाचा पत्ता आणि कंपनीच्या सदस्य खात्यातला देश हे सगळं जुळवून बघता येतं. न जुळल्यास बुकिंग रद्द होऊ शकतं किंवा वरचा फरक भरायला लावतात. तिथल्या रहिवाशांसाठीच्या खास भाड्याचंही तेच: बंदरावर पुरावा मागितला तर तुमच्याकडे तो नसणार.

एजंटमार्फत केलेल्या बुकिंगला हात लावायचा तर तोही त्याच एजंटनं. तुमच्या देशातल्या कंपनीच्या कार्यालयात फोन केलात तर "हे आमच्याकडचं बुकिंग नाही" असं उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. निघायच्या आदल्या रात्री पासपोर्टवरचं नाव दुरुस्त करायचं असेल आणि एजंटच्या देशात पहाटेचे तीन वाजले असतील, तर वाचवलेले डॉलर आठवून काही उपयोग नाही.

"जहाज तेच, मग फरक काय पडतो?"

हे वाक्य दिसायला सगळ्यात निरुपद्रवी आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचं. आपण केबिन विकत घेतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण एक करार विकत घेतो, आणि तो कुठे बुकिंग केलं त्यावर बदलू शकतो.

रूबी प्रिन्सेस हे जहाज 8 मार्च 2020 रोजी सिडनीहून न्यूझीलंडच्या फेरीवर निघालं आणि त्यावर कोविड पसरला. पुढे प्रवाशांनी ऑस्ट्रेलियात सामूहिक दावा लावला, तेव्हा एकाच जहाजावर ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश आणि अमेरिकी अशा तीन तऱ्हांच्या अटींवर माणसं बसलेली होती, हे समोर आलं. अमेरिकी अटींवर सुमारे 700 प्रवासी होते, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्या अटींत सामूहिक दाव्यात भाग न घेण्याचं आणि वाद अमेरिकेतल्या न्यायालयातच नेण्याचं कलम होतं. कॅनडातल्या एजंटकडून तिकीट काढलेल्या आणि या अमेरिकी अटींत मोडणाऱ्या एका प्रवाशाच्या निमित्तानं हा प्रश्न थेट ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात गेला, जे तिथलं सर्वोच्च न्यायालय आहे. 6 डिसेंबर 2023 रोजी त्या न्यायालयानं सामूहिक दाव्यावरची बंदी अन्याय्य ठरवली. प्रवासी जिंकला. पण विचार करा: एकाच जेवणघरात शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला जो हक्क पहिल्या दिवसापासून होता, तो आपल्याला आहे की नाही हे ठरायलाच या प्रवाशाला तीन वर्षांहून जास्त काळ लागला. मधल्या अपिलात तर निकाल त्याच्या विरुद्धही गेला होता.

न्यायालय ठरवून देणारी कलमं अमेरिकेत टिकतात, हे 1991 पासून पक्कं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्यानं जवळच्याच एजंटकडून कार्निव्हल या क्रूझ कंपनीचं तिकीट काढलं आणि लॉस एंजेलिसला जहाजावर चढलं. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ जहाजाचा मुदपाकखाना बघताना बाई घसरून पडल्या. तिकिटावर बारीक अक्षरांत छापलं होतं की दावा फ्लोरिडातच लावायचा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ते कलम ग्राह्य धरलं. म्हणजे त्याच देशाच्या नागरिकांना देशाच्या दुसऱ्या टोकाला जायला सांगितलं. तिथे एजंट शेजारचाच होता, तरीही. म्हणून मी एजंटच्या गावापेक्षा कराराचा कागद आधी बघा म्हणते. अमेरिकी करारांत इजा झाल्यास सहा महिन्यांत लेखी कळवणं आणि वर्षाच्या आत दावा लावणं अशा मुदतीही सर्रास असतात.

युरोपमधल्या ग्राहकाला थोडं जास्त संरक्षण आहे, पण तेही विक्रेता कोण यावर अवलंबून. ऑस्ट्रियातल्या एका गृहस्थांनी जर्मन मध्यस्थाच्या संकेतस्थळावर बघून ट्रिएस्टहून अतिपूर्वेला जाणाऱ्या मालवाहू जहाजावरचा प्रवास ठरवला. वर्णनात व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव असं सगळं होतं. प्रत्यक्षात ते नव्हतं, म्हणून ते चढलेच नाहीत आणि परत न मिळालेले पैसे मिळवायला ऑस्ट्रियात दावा लावला. 7 डिसेंबर 2010 रोजी युरोपीय न्यायालयानं सांगितलं की संकेतस्थळ तुमच्या देशात नुसतं उघडतं, एवढ्यावर विक्रेत्याला तुमच्या देशाच्या न्यायालयात खेचता येणार नाही. त्यानं तुमच्या देशातल्या ग्राहकांकडे व्यवसाय वळवलेला दिसायला हवा: तिथलं चलन, तिथली भाषा, परदेशातून फोन करण्यासाठीचा कोड, अशा खुणांवरून. आता ज्या एजंटला तुम्ही स्वतः शोधून काढलं, जो फक्त डॉलरमध्ये भाव सांगतो आणि फक्त अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी जाहिरात करतो, त्याच्यात यातली कुठली खूण दाखवाल?

"एजंट परवानाधारक असतो, त्यामुळे पैसे सुरक्षित."

कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात प्रवास विकणाऱ्यांना नोंदणी करावी लागते, हे बरोबर. कॅलिफोर्नियात एजंट बुडाला तर भरपाई देणारा निधीही आहे. पण तो व्यवहाराच्या वेळी कॅलिफोर्नियात असलेल्या गिऱ्हाइकांसाठी. दुसऱ्या देशात बसून पैसे पाठवणाऱ्याला नोंदणी क्रमांक वाचून धीर येतो, निधीतून मात्र काही मिळत नाही. अमेरिकेच्या फेडरल मेरिटाइम कमिशनकडे, म्हणजे सागरी वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, जहाज कंपन्यांना आर्थिक हमी ठेवावी लागते, तिचाही दाखला कुणीतरी देईलच. ती हमी अमेरिकी बंदरांवरून सुटणाऱ्या सफरींपुरती आहे आणि जहाज कंपनीनं सफर पार पाडली नाही तर लागू होते. एजंट तुमचे पैसे घेऊन गायब झाला, तर तिचा संबंध येत नाही.

एवढं सगळं वाचूनही परदेशी एजंटकडूनच घ्यायचं ठरवलंत, तर डिपॉझिट भरण्याआधी त्याला लेखी विचारा: माझ्या देशाच्या रहिवाशाला विकायची कंपनीची परवानगी आहे का, मला कुठल्या देशाच्या अटी लागू होतील, तुमचा रद्द करण्याचा आकार किती आणि माझ्या कार्डावर नाव कुणाचं येईल? कार्डावर थेट क्रूझ कंपनीचं नाव येत असेल तर पैसे एजंटच्या खात्यात अडकत नाहीत. बुकिंग क्रमांक आला की त्याच दिवशी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नाव, केबिन, भरलेली रक्कम आणि शेवटच्या हप्त्याची तारीख तिथे दिसली पाहिजे. विम्याचा अर्ज भरताना विमा कंपनीला सफर परदेशातून विकत घेतली आहे हे सांगा आणि एजंट बुडाल्यास भरपाई मिळते का, ते पॉलिसीतल्या कलमासकट दाखवायला लावा.